एकटी सायकल, दोन दिवस, कच्ची वाट: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेले काही हिवाळे मी कळव्याहून सायकल घेऊन बदलापूर, मुरबाड, कर्जतकडच्या आडवाटांना एकटी जाते. परत आले की ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि फोनवर तेच ते प्रश्न येतात. एकदाच नीट लिहून ठेवते. उत्तरं माझ्या अनुभवातली आहेत, त्यामुळे मतंही माझीच.

१. बाइकपॅकिंग म्हणजे काय? सायकल टूरिंगच ना ते?

भावकीतलंच, पण वेगळं. टूरिंगला मागे कॅरिअर, दोन्ही बाजूंना लोंबत्या बॅगा आणि बहुतेक डांबर. बाइकपॅकिंगला सामान कमी आणि ते फ्रेमच्या मध्ये, हँडलवर, सीटखाली घट्ट आवळलेलं. वाट मुरमाची, कातळाची, बैलगाडीच्या चाकोरीची असते. लोंबती बॅग करवंदीच्या जाळीत अडकते आणि कॅरिअरचे बोल्ट दगडांवर हादरून कधी पडले ते कळतही नाही. शब्द नवा असला तरी दुधाच्या किटल्या बांधून याच वाटांनी माणसं कित्येक वर्षं सायकलने तालुक्याला गेली आहेत.

२. माझ्याकडे साधी हायब्रिड सायकल आहे. चालेल का?

पहिल्या फेरीला चालेल. दोन गोष्टी तपासा. एक, टायर किमान ४० मिमी रुंद हवा आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात) चिखलाला जागा उरायला हवी. दोन, पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा कमी असावेत, नाहीतर लादलेली सायकल चढावर ढकलावीच लागेल. ढकलावी तशीही लागतेच, पण कमी लागते.

हवा रस्त्यावर भरता तेवढी ठासून भरू नका. माझ्या २.१ इंची टायरमध्ये मी कच्च्या वाटेवर साधारण ३० पीएसआय ठेवते. टणक टायर खडीवर चेंडूसारखा उडतो.

३. महागड्या बॅगा घ्याव्याच लागतात का?

नाही. फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी एक बॅग मात्र चांगली घ्या. जड सामान (पाणी, हत्यारं, पॉवर बँक) तिथे खाली आणि मध्ये बसलं की सायकल डोलत नाही. बाकी हँडलवर १० लिटरची ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी), तीही दोन पट्ट्यांनी बांधलेली. पट्ट्या कुठल्या? पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या कापून घ्या. माझ्या गेल्या हिवाळ्यापासूनच्या अजून तुटलेल्या नाहीत, आणि विकतच्या प्लास्टिकच्या बकलांचा एक जोड पहिल्याच फेरीत गेला.

पाणी सोडून माझं सगळं सामान सात किलोच्या आत बसतं. पहिल्या वेळी ते अकरा होतं. फरक होता तो एक जीन्स, एक जाडजूड टॉवेल आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेल्या सगळ्या वस्तूंचा.

४. पहिल्यांदा कुठे जाऊ?

आधी एक दिवसाची रंगीत तालीम. नवी मुंबईकरांना पनवेल–नेरे–मालडुंगे–धोधाणी सोपं पडतं: आजूबाजूला प्रबळगड आणि माथेरानचा डोंगर, वाटेत गाढेश्वर धरणाचा परिसर, आणि रस्ता संपतो तिथे माथेरानला चढणारी पायवाट सुरू होते. सायकलचं काम तिथेच संपतं. रात्री राहायचं सगळं सामान बांधून जा आणि संध्याकाळी घरी या. काय खुळखुळतं, काय घासतं, काय नकोच होतं, ते त्या एका दिवसात कळतं.

मग दोन दिवसांची फेरी. माझी आवडती: बदलापूर पश्चिमेहून बारवी धरणाच्या रानातून मुरबाड, तिथून म्हसा, पुढे सिद्धगड-गोरखगडाच्या पायथ्याच्या पाड्यांमधून आडवं जात कशेळे, आणि कर्जतला लोकल. मुख्य रस्ता कधीच फार लांब राहत नाही आणि तुम्ही मात्र शेतं-ओढ्यांतून जाता. एकट्या माणसासाठी याहून चांगली रचना मला सापडलेली नाही, कारण कुठेही बिनसलं तर तासाभरात डांबरावर येता येतं.

दोन तारखा लक्षात ठेवा. पौष पौर्णिमेपासून म्हशाची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार असतो आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. बघायला जरूर जा, सायकल घेऊन नको. आणि २ जानेवारीला सिद्धगडाखाली स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांच्या बलिदान स्थळी माणसं जमतात. १९४३ साली त्या दिवशी पहाटे पोलिसांनी त्यांना तिथे गाठलं होतं. त्या दिवशी त्या रानात तुम्ही एकटे नसता.

५. घरूनच सायकलने निघू की लोकलने?

लोकलने. माजिवड्याहून भिवंडीकडचा रस्ता कंटेनर आणि गोदामांच्या ट्रकांचा, शीळफाटा त्याचा भाऊ. तिथे जीव मुठीत धरून ४० किलोमीटर मारण्यात कसलं आलंय शौर्य?

खिडकीवर सायकलसाठी लगेजचं तिकीट मागा, मालडब्यात चढा, आणि गर्दीची वेळ टाळा. शनिवारी भल्या पहाटे बदलापूर-कर्जतकडे जाणारी गाडी मोकळी असते. मालडब्यात मासळीच्या पाट्या आणि भाजीची पोती आधी, आपण नंतर. हँडल वळवून सायकल भिंतीला टेकवा, चेन आतल्या बाजूला करा, म्हणजे कुणाच्या पातळाला काळं लागत नाही आणि मावशी पुढच्या स्टेशनपर्यंत तुम्हाला ओळखीचं मानू लागतात.

परतताना नेरळपेक्षा कर्जत बरं. रविवारी दुपारी नेरळला माथेरानची सगळी गर्दी उतरलेली असते. कर्जतहून सुटणारी गाडी रिकामी मिळते.

६. कोणत्या महिन्यात जावं? पावसाळ्यात किती सुंदर असतं तिकडे!

असतंच. आणि तेव्हाच नाही जायचं, निदान एकट्याने. ओढे तासाभरात चढतात, लाल माती ब्रेकमध्ये जाऊन बसते, आणि सगळ्या वाटा भातशेतीच्या बांधांवरून जातात. ओला बांध सायकलच्या चाकाने फुटतो. तो पुन्हा घालायला एका माणसाचा दिवस जातो.

ऑक्टोबरात कापणी चालू असते आणि उकाडा असतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत खरा हंगाम. पुढे राब भाजायला (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायला) सुरुवात होते, धूर आणि वणवे असतात. मार्चनंतर पाण्याचा प्रश्न येतो, तो प्रश्न १० मध्ये.

७. दिवसाला किती किलोमीटर होतात?

रस्त्यावर १०० मारणारे इथे फसतात. कच्च्या वाटेवर ढकलणं, थांबणं, वाट विचारणं धरून ताशी पाच-सहा किलोमीटर पडतात. दिवसाला ३० ठरवा आणि २५ झाले तरी खूश राहा.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मी चार वाजता मुक्कामाचं गाव गाठलेलं असतं, नसेल तर जे गाव समोर येईल ते मुक्कामाचं. सकाळी उलट: सह्याद्रीची भिंत पूर्वेला असल्याने तिच्या पायथ्याशी ऊन उशिरा येतं. त्या थंड दोन तासांत जेवढं होतं तेवढं दुपारभरात होत नाही.

८. रात्री झोपायचं कुठे? तंबू लावायचा का?

मी तंबू नेत नाही. मच्छरदाणी, पातळ मॅट, हलकी स्लीपिंग बॅग. झोपते देवळाच्या ओसरीत, शाळेच्या व्हरांड्यात (गुरुजींना विचारून) किंवा कुणाच्या पडवीत.

पद्धत एकच. गावात उजेडी शिरा, पहिल्या दुकानाशी किंवा देवळाशी सायकल टेकवा, पोलीस पाटील किंवा सरपंच कुठे राहतात ते विचारा, त्यांना भेटून नाव-गाव सांगा. ओळखपत्र मागायच्या आत दाखवा. चोऱ्यांमुळे बऱ्याच गावांत रात्रीची गस्त असते. अंधारात शिवारात टॉर्च फिरवणारा अनोळखी माणूस त्यांच्या लेखी पाहुणा नसतो. आणि शेतातून रात्री जाऊच नका: रानडुकरांसाठी कुठे कुठे विजेच्या तारा सोडलेल्या असतात. बेकायदा आहेत, पण असतात, आणि त्यांनी माणसं मेली आहेत.

रानात, गावापासून लांब तंबू लावायची हौस असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

९. मी मुलगी आहे. एकटीने जाऊ का? घरी काय सांगू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि याचं उत्तर ‘बिनधास्त जा’ असं मी देणार नाही. पहिल्या दोन फेऱ्या मैत्रिणीबरोबर करा, त्याच वाटेने तिसरी एकटीने. मग गावातली माणसं ओळखीची झालेली असतात आणि ‘एकटी’ हा शब्द निम्मा उरतो.

मी बाई असलेल्या घरीच राहते. पहिल्यांदा एका ठाकरवाडीत पोहोचले तेव्हा आजी ओटीवर वाल सोलत होत्या. सायकलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘एकलीच? नवरा भांडला का?’ म्हटलं, आजी, लग्नच नाही झालं. ‘मग बरंय,’ म्हणाल्या आणि सरकून जागा केली. रात्री त्यांची नात माझ्या सायकलची चक्रं मोजत बसली होती, दरवेळी वेगळा आकडा यायचा.

पुढचा मुक्काम रस्त्यात भेटलेल्या कुणालाही खरा सांगायचा नाही. ‘पुढे भाऊ थांबलाय’ हे वाक्य मी निर्लज्जपणे वापरते. घरी कागदावर लिहून ठेवते: कोणती गावं, किती वाजता फोन करणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला फोन करायचा. आईला नकाशा नको असतो, ती वेळ हवी असते.

१०. पाणी किती न्यायचं?

चार लिटर सायकलवर, उन्हात पाच. हिवाळ्यात हापसे आणि विहिरी मिळतात. पाणी गाळा, क्लोरीनची गोळी टाका, सांगितलेला वेळ थांबा.

फेब्रुवारी सरला की हिशोब बदलतो. शहापूर तालुक्यातली भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं मुंबईची तहान भागवतात, बारवीचं पाणी आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना आणि कारखान्यांना येतं. आणि याच धरणांच्या अंगाखांद्यावरच्या पाड्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. त्या हंड्यातून कुणी तुम्हाला दोन बाटल्या भरून देईल, नाही म्हणणार नाही. म्हणूनच मागू नका. नळाला पाणी ठाण्यात आहे, ते तिथूनच भरून न्या.

११. स्टोव्ह नेऊ का? जेवणाचं काय?

गॅसचा कॅन लोकलमध्ये नेता येत नाही, रेल्वेत ज्वलनशील वस्तूंना बंदी आहे. त्यामुळे प्रश्न ५ प्रमाणे जात असाल तर विषय संपला. रानात चूल पेटवणं तर नकोच.

दुपारी वडापाव-मिसळ मुरबाड, म्हसा, कशेळ्यात मिळते. रात्री जिथे राहाल तिथे सांगून ठेवा, ‘जे तुम्ही खाल तेच’. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं किंवा सुकट. पैसे घेणार नाहीत, तरी द्या, घरातल्या बाईच्या हातात द्या. घेतच नसतील तर सकाळी दुकानातून तेलाची पिशवी आणि साखर आणून ठेवा. मुलांना गोळ्या वाटत फिरू नका, पुढच्या सायकलवाल्याच्या मागे ती धावत येतात. सोबत खजूर, शेंगदाण्याची चिक्की, आणि ओआरएसची चार पाकिटं.

१२. वाटेत सायकल बिघडली तर?

पंक्चर होणारच. बाभळीचा काटा टायरच्या आत तुटून राहतो. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, नाहीतर पाच मिनिटांत पुन्हा तेच. दोन ट्यूब, ठिगळं, पंप, चेन तोडायचं हत्यार, चेनची जोडकडी, झिप टाय.

आता ती गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. माझा पंप म्हशाच्या अलीकडे मोडला. पंक्चरवाल्या दादांकडे कॉम्प्रेसर होता, पण माझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह आणि त्यांचं नोझल मोटरसायकलचं. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी मुरबाडपर्यंत ढकलत. पितळेचा एक नखाएवढा अडॅप्टर मिळतो, चहाच्या किमतीत. तो आता माझ्या वॉल्व्हवरच कायम बसवलेला असतो.

दुसरी छोटी वस्तू म्हणजे मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी. सायकल उजव्या बाजूला पडली की तो वाकतो किंवा तुटतो, आणि प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असल्याने गावातच काय, ठाण्यातही पटकन मिळत नाही. आधीच मागवून फ्रेम बॅगेत चिकटपट्टीने चिकटवून ठेवा. एका दुकानाने मला ‘सगळ्याला हाच बसतो’ म्हणून दिलेला हँगर माझ्या फ्रेमला बसला नव्हता. घरी लावून बघा.

१३. नेटवर्क नसतं म्हणे. वाट चुकले तर?

ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड या नेटशिवाय चालणाऱ्या अॅपवर नकाशा घरीच उतरवून घ्या. पण तुटक रेघ म्हणजे वाट, एवढंच नकाशा सांगतो. ती घसाऱ्याची आहे, पायऱ्यांची आहे की गुरांनी पाडलेली, ते सांगत नाही. उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की समजा, ढकलायचं.

बारवीच्या बाजूला मला एकदा चकवा लागला. तेच मोहाचं झाड तिसऱ्यांदा समोर आलं तेव्हा पोटात गोळा आला. गुरांच्या वाटा अशाच असतात, चरत चरत गोल फिरणाऱ्या, सगळ्या सारख्याच ठळक. फोन काढून माझीच रेघ बघितली: भोवऱ्यासारखी. मग खाली बसले, पाणी प्यायले. पाच वाजून गेले होते. थोड्या वेळाने घंटांचा आवाज आला, गुरं घराकडे निघाली होती. संध्याकाळची गुरं गोल फिरत नाहीत. त्यांच्या मागे मागे गेले, वीस मिनिटांत गाव.

दिवसा माणूस दिसला की विचारा, पण ‘ही वाट कशेळ्याला जाते ना?’ असं नको, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘कशेळ्याची वाट कोणती?’ असं विचारा.

१४. सॅटेलाइटवरून मेसेज करायचं यंत्र परदेशातल्या भावाने दिलंय. नेऊ का?

नको. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणि तसले मेसेंजर बाळगणं गुन्हा आहे, माणसांना ताब्यात घेतलेलं आहे. नुसता जीपीएस असलेलं सायकलचं मीटर किंवा घड्याळ चालतं, कारण ते फक्त ऐकतं, पाठवत नाही.

१५. बिबट्या, साप, कुत्री?

उलट क्रमाने घ्या. कुत्री रोज भेटतात. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. पळालात की ती धावतात. चावलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि फेरी तिथेच संपवून रेबीजची लस घ्या.

साप: नाग, घोणस, फुरसे आणि मण्यार हे चार महत्त्वाचे, आपल्याकडचं प्रतिसर्पविष या चौघांसाठीच आहे. मण्यार रात्री फिरते, दंश दुखतही नाही फारसा, म्हणून उघड्या जमिनीवर झोपायचं नाही आणि मच्छरदाणी मॅटखाली चारी बाजूंनी खोचायची. सकाळी बूट उपडे करून झटका. चावला तर दोरी बांधू नका, चिरू नका. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, १०८ लावा. मुरबाडला ग्रामीण आणि कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसून निघा.

आग्या मोहोळाखाली सुगंधी सनस्क्रीन आणि धूर दोन्ही नको. बिबट्या मी एकदाही पाहिलेला नाही, त्याने मला पाहिलं असेल. तिन्हीसांजेला मोठ्याने बोलत जा, वाकून बसू नका.

१६. परवानगी लागते का?

गावरस्त्याला आणि पाड्यांना जोडणाऱ्या वाटांना नाही. अभयारण्यात लागते: १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे आत जायला परवाना हवा आणि आग पेटवायला बंदी आहे. सिद्धगडाच्या बाजूचं रान भीमाशंकर अभयारण्यात मोडतं, तानसाचं वेगळं अभयारण्य आहे. राखीव जंगलातही विस्तव चालत नाही. धरणाच्या भिंतीवर आणि पाणलोटाच्या कुंपणात सायकल घालू नका, फोटोही नको.

येऊरबद्दल बरेच जण विचारतात. सकाळी डांबरी रस्त्यावर चढाचा सराव करा, पण आतल्या रानवाटा राष्ट्रीय उद्यानाच्या आहेत. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, शंका असेल तर तिथे विचारा.

१७. नाणेघाट सायकलने चढता येतो का?

सायकल खांद्यावर घेऊन चढता येतो. वैशाखऱ्याच्या पुढून निघणारी वाट दोन हजार वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांच्या बैलांसाठी पायऱ्या काढून केलेली, चाकांसाठी नाही. वरची गुहा, सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण बघायचा असेल तर सायकल खाली ठेवून चाला, किंवा माळशेजमार्गे घाटघरला जाऊन वरून या. माळशेजमध्ये दरडी आणि ट्रक दोन्ही आहेत, त्यामुळे एकट्याने मी तोही सायकलवर करत नाही.

१८. अर्ध्यातून परत आले तर?

मी पाचपैकी दोनदा येते. मुरबाडहून कल्याणला एसटी आहे, टेम्पोवाले दादा सायकल मागे टाकून घेतात. प्रश्न ४ मधली वाट त्यासाठीच निवडली आहे.

१९. रविवारी रात्री घरी आल्यावर सोमवारी ऑफिसला जाता येतं का?

जाता येतं. बसता येत नाही. पॅड असलेली शॉर्ट आतून दुसरं काही न घालता वापरा, दोन्ही दिवस वेगळी, आणि शिवणीच्या जागी निघायच्या आधीच व्हॅसलीन लावा, सोलवटल्यावर नव्हे. आणि सायकल त्याच रात्री धुवायची नाही ठरवलंत तरी चेन तेवढी पुसून ठेवा, बारवीची ती बारीक लाल धूळ सकाळपर्यंत तेलात कालवून लेप झालेली असते.